बाहुलीची दिवाळी, बाहुलीची संक्रांत: वाचकांचे प्रश्न

संग्रहातल्या बाहुल्यांसाठी चिमुकल्या वस्तू आणि सणांचे देखावे करणाऱ्यांची पत्रं दसऱ्यानंतर एकदम वाढतात. म्हणून या वेळी दिवाळीला जास्त जागा दिली आहे. संक्रांतीचा एक प्रश्न आहे, आणि चक्क बर्फाचाही.

प्रश्न: आजीची पितळी भातुकली बार्बीपुढे मांडली, तर पातेलं तिच्या डोक्याहून मोठं दिसतं. डॉलहाउसचा म्हणून मागवलेला चहाचा सेट मात्र तिच्या हातात दिसतही नाही. माप ठरवायचं कसं? (नाशिक)

उत्तर: बार्बीची उंची साडेअकरा इंच, म्हणजे साधारण 29 सेंमी. तिला सहाने गुणलं की उंच बाईची उंची येते, म्हणून तिचं प्रमाण 1:6 धरतात. डॉलहाउसचं सामान बहुतेक 1:12 चं असतं, तिथे एक फूट म्हणजे एक इंच. तुमचा चहाचा सेट निम्म्या मापाचा आला, तो यामुळेच. भातुकलीला असं ठरलेलं प्रमाण नसतं. ती मुलांच्या हाताच्या बेताने घडवलेली असते, बाहुलीच्या नव्हे. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांचंही तेच. त्यातली लहान भांडी 18 इंची बाहुलीला शोभतात, बार्बीला क्वचितच.

त्यामुळे घरातली खरी वस्तू टेपने मोजा आणि सहाने भागा. 210 सेंमीचं दार 35 सेंमीचं होतं, 45 चा पाट साडेसातचा, 30 चं ताट 5 चं, 90 चं तुळशीवृंदावन 15 चं आणि 6 सेंमीची पणती 1 सेंमीची. पाडव्याच्या गुढीला 25 ते 30 सेंमीची काठी पुरते. 18 इंची बाहुली मात्र आठ-नऊ वर्षांच्या मुलीची असते, म्हणून तिच्यासाठी तीनाने भागायचं. भागाकार ठरतो तो बाहुली किती वर्षांच्या माणसाची आहे यावर, नुसत्या तिच्या उंचीवर नाही.

जाडी आणि चकाकी मात्र अशी भागली जात नाही. नेहमीच्या चमकीचा एक कण बार्बीच्या घरात टिकलीएवढा होतो. सागाच्या तुकड्यावरची ठळक रेघ पाटावर फळीच्या फटीसारखी दिसते. म्हणून बारीक पोताचं लाकूड, मॅट रंग आणि पातळ कागद वापरा. देखावा खोटा वाटला, तर माप पुन्हा तपासण्याआधी चकाकी कमी करून बघा.

प्रश्न: फराळाचं ताट करायला घेतलं. फेविकॉल आणि कॉर्नफ्लोअरचे लाडू वाळल्यावर तडकले आणि करंज्या वाकड्या झाल्या. गेल्या वर्षीच्या चकल्यांना पावसाळ्यात बुरशी आली. (डोंबिवली)

उत्तर: ही माती पाणी सुटून वाळते, म्हणून आकसते. बाहेरचा थर आधी कडक होतो, आतला नंतर आकसतो, आणि तडा जातो. एक वाटी फेविकॉल, एक वाटी कॉर्नफ्लोअर, दोन चमचे बेबी ऑइल आणि एक चमचा व्हिनेगर मंद आचेवर सतत हलवत गोळा सुटेपर्यंत शिजवायचं. गोळा भांड्याच्या कडा सोडू लागला की लगेच उतरवा. जास्त शिजला तर माती सुरुवातीपासूनच कोरडी राहते आणि हमखास तडकते. वस्तू पंख्याखाली किंवा उन्हात ठेवू नका. पहिला दिवस सैल झाकण ठेवून वाळू द्या आणि रोज उलटा. लाडवासारखी भरीव वस्तू असेल, तर आत अल्युमिनियम फॉइलची गोळी घालून वरून दोन मिमीचा थर द्या. आकसायला मातीच कमी राहते. पूर्ण वाळल्यावर सगळ्या बाजूंनी मॅट वार्निशचे दोन हात हवेत, खालच्या बाजूलाही. बुरशी बहुतेक त्या उघड्या राहिलेल्या तळापासूनच सुरू होते.

वर्षानुवर्षं टिकवायचं असेल, तर फराळासाठी पॉलिमर क्ले घ्या. ती भाजून पक्की होते आणि जवळजवळ आकसत नाही. तापमान पाकिटावर लिहिलेलंच ठेवा. कंपनीप्रमाणे ते साधारण 110 ते 135 अंशांच्या मध्ये असतं. घरच्या ओटीजीची चकती मात्र अनेकदा खोटं बोलते, म्हणून आत वेगळा थर्मामीटर ठेवा, वस्तू मधल्या कप्प्यात ठेवा आणि वर फॉइलचं छप्पर करा. ही माती पीव्हीसीची असते. करपली तर घातक वाफ निघते. ओव्हन बंद करून खिडक्या उघडा. मायक्रोवेव्हमध्ये ती भाजायची नाही. कच्ची माती प्लॅस्टिकच्या ताटलीत किंवा बाहुलीच्या हातावर ठेवू नका. तिच्यातलं मऊ करणारं द्रव्य प्लॅस्टिक चिकट करतं, कधी विरघळवतंही. काच किंवा स्टील चालतं.

आता मापं. चकलीसाठी सुई काढलेल्या सिरिंजमधून दीड मिमीची दोरी काढा, तिच्यावर जुना टूथब्रश हलकेच दाबून काटे आणा आणि सात-आठ सेंमीच्या तुकड्याचे तीन वेढे घाला. चकली 12-13 मिमीची होते. करंजीसाठी एक मिमी जाडीची, 2 सेंमी व्यासाची पारी मधोमध दुमडा आणि कडेला शिवणाच्या सुईने मुरड दाबा. बेसनाचा लाडू 8 मिमीचा. रव्याच्या लाडवाला दाणेदारपणा हवा, तर भाजलेल्या पांढऱ्या मातीचा तुकडा किसून तो चुरा कच्च्या मातीत मळा. चिवड्यातले पोहे एक मिमीच्या आसपास हवेत. ब्लेडने खरवडलेल्या पातळ सालींचे ते होतात.

सगळ्यात जास्त फसतो तो रंग. एकाच पिवळ्या मातीचा सगळा फराळ केला की तो दुकानातल्या खेळण्यासारखा दिसतो. तळलेल्या पदार्थाच्या कडा गडद आणि पोट फिकट असतं. म्हणून भाजण्याआधी तपकिरी पेस्टल खडूची पूड कोरड्या ब्रशने फक्त उंचवट्यांवर फिरवा. चकलीवर ती जास्त, करंजीच्या मुरडीवर किंचित. अनारशांवर खरी खसखस लावू नका. प्रमाणात ती गुंजेएवढी दिसते.

ताटासाठी जाड फॉइलचा डबा कापा. 5 सेंमीच्या झाकणावर ती चकती ठेवून चमच्याच्या पाठीने काठ दाबत जा. एकदम दाबलं तर सुरकुत्या पडतात.

प्रश्न: बार्बीच्या दारात पेटणारा पारंपरिक आकाशकंदील लावायचा आहे. लाल आणि पांढरे एलईडी एकाच बटण सेलला जोडले, तर फक्त लाल पेटतो. (पुणे)

उत्तर: आधी दिव्याचं. लाल किंवा पिवळ्या एलईडीला साधारण 2 व्होल्ट लागतात, पांढऱ्याला 3 च्या आसपास. दोन्ही समांतर जोडले की लाल एलईडी आधी चालू होतो आणि व्होल्टेज खाली धरून ठेवतो, मग पांढऱ्याला पुरेसं मिळतच नाही. एका सेलवर एकाच रंगाचे दिवे ठेवा. 3 मिमीचा वॉर्म व्हाइट एलईडी आणि सीआर2032 सेल ही जोडी उत्तम. लांब पाय धन बाजूला. कंदिलात रंग आणायचा तर कागद रंगीत घ्या, दिवा नको. सेल कंदिलात कोंबू नका. भिंतीमागे ठेवून वीजरोधक मुलामा दिलेली बारीक तार वर आणा. टोकांवरचा मुलामा ब्लेडने खरवडायला विसरलात तर काहीच पेटणार नाही. घरात लहान मूल असेल, तर सेलचा डबा स्क्रूने बंद होणारा हवा. गिळलेला बटण सेल अन्ननलिका जाळतो.

सांगाड्यासाठी खराट्याचे हीर घ्या. 4 सेंमीचे 24 तुकडे एकसारखे कापा आणि आलेख कागदावर सहा चौकोन चिकटवून पूर्ण वाळू द्या. त्यातले चार कोपऱ्यावर उभे करून, कोपऱ्याला कोपरा जोडत वर्तुळ करा. वरच्या चार टोकांवर पाचवा चौकोन, खालच्या चार टोकांवर सहावा. मध्ये आपोआप आठ त्रिकोण तयार होतात. कंदील साडेपाच सेंमीच्या वर उंच होतो, खऱ्या घरातल्या फूटभराच्या कंदिलाइतका. एक हीर जरी मिलिमीटरभर लांब असला, तरी शेवटचा कोपरा जुळत नाही. तेव्हा कापताना ठोकळ्याला टेकवून कापा, पट्टीने मोजून नको.

चौकोनांना एक रंग, त्रिकोणांना दुसरा. पतंगाचा कागद जिलेटिनपेक्षा बरा, कारण त्यातून एलईडीचा ठिपका न दिसता उजेड पसरतो. वरचा चौकोन उघडा ठेवा. झिरमिळ्या 2 मिमी रुंद आणि 10 सेंमी लांब. त्या हवेत आडव्या पसरत असतील, तर प्रत्येकीच्या टोकाला आतून फॉइलचा कण चिकटवा.

पणत्यांत खरी ज्योत लावू नका. बाहुलीचं व्हिनाइल प्लॅस्टिक उष्णतेने मऊ पडतं आणि तिचे केस सिंथेटिक असतात. खरी ज्योत अडीच सेंमीची धरली, तर 1:6 मध्ये ती 4 मिमीची होते. पिवळा 3 मिमीचा एलईडी तिच्या जागी जवळजवळ मापात बसतो.

प्रश्न: अंगणात रांगोळी चिमटीने काढली, पण ती भरड दिसते. (सोलापूर)

उत्तर: दिसणारच, कण प्रमाणाबाहेर मोठे आहेत. 220 नंबरचा पॉलिशपेपर गेरूच्या रंगाने रंगवा आणि वाळल्यावर 0.8 मिमीच्या पांढऱ्या जेल पेनने ठिपके व रेषा काढा. 10 सेंमीची रांगोळी भरपूर झाली. पेन खरखरीत कागदावर अडकतं, म्हणून रंगाचे दोन थर द्या.

प्रश्न: संक्रांतीला काळी नऊवारी आणि हलव्याचे दागिने केले. महिन्याने साडी काढली तर बाहुलीच्या कमरेवर निळसर डाग, आणि दागिन्यांना मुंग्या. (ठाणे)

उत्तर: व्हिनाइल कापडाचा रंग शोषून घेतं. काळा, गडद लाल आणि नेव्ही ब्लू यांत आघाडीवर. साडी नेसवण्याआधी ओल्या पांढऱ्या सुती कापडाने जोरात घासून बघा. रंग लागला तर ते कापड सोडा. मीठ-व्हिनेगरने रंग पक्का होतो असं सांगतात, पण आधीच रंगवून आलेल्या कापडावर त्याचा भरवसा धरू नका. आत पांढऱ्या मलमलीचं अस्तर लावा आणि देखावा उठला की साडी उतरवून ठेवा.

पडलेल्या डागावर मुरमांचं बेन्झॉइल पेरॉक्साइडचं मलम कानकोरणीने फक्त डागापुरतं लावा, वर क्लिंग फिल्म लावून काही तास उन्हात ठेवा, पुसा आणि रोज बघत जा. आजूबाजूचा भाग फिका पडू लागला की थांबा. चेहऱ्याच्या रंगकामाजवळ आणि कपड्यांवर ते नको.

नऊवारी सहाने भागली तर कापड सुमारे 137 बाय 18 सेंमी होतं. तेवढं नेसवू नका, कमरेला गोळा होतो. 90 सेंमी पुरतं. काठ 8 मिमीचा. निऱ्या फुगत असतील तर पातळ खळ लावा, प्लॅस्टिक गुंडाळलेल्या थर्माकोलवर टाचण्यांनी बसवून वाळवा आणि मगच नेसवा.

हलव्याचा दाणा प्रमाणात एक मिमीहून लहान येतो. खरी साखर ओल धरते आणि मुंग्या बोलावते, तेव्हा पांढरे काचमणीच घ्या. 15/0 नंबरचे मणी दीड मिमीचे असतात, किंचित मोठे, पण ओवता येतात. बिंदीसाठी दोऱ्याला फेविकॉल लावून खसखशीत लोळवा, वर पांढरा ॲक्रिलिक आणि वार्निश. कानात तांब्या-पितळेची तार घालू नका. 1960 च्या दशकातल्या कितीतरी बार्बींचे कान धातूच्या कुड्यांमुळे हिरवे पडलेले आहेत. स्टेनलेस स्टीलच्या टाचणीवर मोती चिकटवा.

प्रश्न: इथल्या हिवाळ्याचा देखावा केला. खाण्याचा सोडा आणि डिंकाचा बर्फ वर्षभरात पिवळा पडला. (टोरांटो)

उत्तर: सोडा आणि पांढरा गोंद यांचं मिश्रण कालांतराने पिवळं पडतंच. दगडाची बारीक पांढरी पूड, पांढरा ॲक्रिलिक रंग आणि मॅट ॲक्रिलिक मीडियम एकत्र करून लोण्याइतकं घट्ट लेपन करा. भारतातून आणलेली पांढरी रांगोळी चाळून घेतली तरी चालते. लेपन वरून खाली पडल्यासारखं लावा: कठड्यावर जाड, भिंतीवर नाही. फूटभर बर्फ म्हणजे 5 सेंमी, त्याहून जास्त नको.

प्रश्न: देखाव्यात दिवाळीचा किल्लाही हवा. थर्माकोलचा डोंगर स्प्रे पेंटने रंगवला तर तो खचला. (सातारा)

उत्तर: स्प्रेमधलं द्रावक थर्माकोल खातं. रबराचा वास येणारे गोंदही खातात. आधी कागदाचा लगदा किंवा फेविकॉलमध्ये बुडवलेल्या टिश्यूचे दोन थर द्या, मग पाण्यात कालवलेले रंग. तीन फुटांचा किल्ला 15 सेंमीचा होतो आणि 8 सेंमीचा मावळा 13 मिमीचा. गवतासाठी चाळलेला लाकडाचा भुसा हिरवा रंगवून वापरा. अळीव पेरू नका. त्याचं रोप या किल्ल्यावर झाडाएवढं होतं आणि ओल खाली लगद्यात उतरते.