जॅक रसेल, घुशी आणि शेजाऱ्यांचं तूप

पाऊस सुरू झाला की जॅक रसेल जातीचा कुत्रा पाळणाऱ्यांचे ठरावीक प्रश्न माझ्या जनावरांच्या क्लिनिकमध्ये येतात. त्यातले काही इथे घेतो.

प्रश्न : आमचा टू-बीएचके आहे. एवढासा कुत्रा सहज राहील ना?
राहील, पण तुम्हाला बसू देणार नाही. उंची जेमतेम २५ ते ३० सेंटीमीटर असली तरी ही जात इंग्लंडमधल्या डेव्हनची, कोल्ह्याला बिळातून हुसकावण्यासाठी घडवलेली. रोज तासभर तरी दमवा, घरात वासावरून खाऊ शोधायला लावा. खाली नेऊन शू करवून आणणं हा व्यायाम नव्हे.

प्रश्न : नसबंदी केली की शांत होतो म्हणतात?
नाही. नसबंदीची कारणं वेगळी. कधी करायची ते तुमच्या डॉक्टरांशी ठरवा.

प्रश्न : चार दिवसांपूर्वी याने पार्किंगमध्ये घूस मारून थोडी खाल्ली. सोसायटीने औषध टाकलं होतं. तसा मजेत आहे. शेजारी म्हणतात, तूप पाजा.
तूप ठेवा बाजूला आणि आजच डॉक्टर गाठा. ‘मजेत आहे’ ऐकलं की माझं डोकं फिरतं. ब्रोमाडायोलोनसारखी उंदीर मारायची विषं रक्त गोठू देत नाहीत, पण परिणाम दिसायला तीन ते पाच दिवस लागतात. मग हिरड्या पांढऱ्या पडतात, धाप लागते, शी डांबरासारखी होते. आत कुठेतरी रक्तस्राव सुरू झालेला असतो. वेळेत आलात तर के-१ जीवनसत्त्वाने कुत्रा वाचतो. मात्र ते डॉक्टर सांगतील तितके आठवडे द्यावं लागतं. विष खाल्लेला उंदीर खाल्ल्यानेही बाधा होऊ शकते. झिंक फॉस्फाइड असेल तर पोटातल्या आम्लाने विषारी वायू होतो, आणि खायला घातलं की आम्ल वाढतं. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट असेल तर तुपाने ती जास्तच शोषली जाते, आणि तिला उतारा नाही. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. पुडक्याचा फोटो आणा. पेस्ट कंट्रोलवाल्याच्या ‘हर्बल आहे हो’ला भुलू नका, औषधाचं नाव लेखी मागा. घुशीच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होतो, तो माणसांनाही. त्याची लस दरवर्षी लागते; राहिली असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

प्रश्न : पाच वर्षांची कुत्री. एक डोळा लाल, धुरकट. घरातले ड्रॉप्स घालू?
नको. टेरियरमध्ये डोळ्यातलं भिंग सुटण्याचा आनुवंशिक आजार आहे. त्याने डोळ्यातला दाब वाढला तर एकदोन दिवसांतही दृष्टी जाते. उद्यावर ढकलू नका.

प्रश्न : ‘टीकप जॅक रसेल, इम्पोर्टेड लाइन’ दुप्पट भावाने मिळतोय. घ्यावा का?
‘टीकप’ म्हणजे कपात मावेल एवढा; अशी जातच नाही. आईबाप दाखवा म्हणावं, केनेल क्लबचे वंशावळीचे कागद आणि दोघांच्या भिंगाच्या आजाराचा डीएनए रिपोर्ट मागा. टाळाटाळ झाली तर उठा. सगळं मिळालं तरी पैसे देण्याआधी पिल्लाचे डोळे, कान आणि गुडघे डॉक्टरांकडून तपासून घ्या.