‘आधी खाणं सुधारू की ती आठवण?’

प्रिय अनामिका,

तुझं पत्र इथे थोडक्यात सांगते, म्हणजे तुझ्यासारख्या आणखी कोणी वाचत असतील तर त्यांनाही कळेल. वय 29, माहेर सांगलीचं, नोकरी पुण्यात. तू 11 वर्षांची असताना सुट्टीत घरी येणाऱ्या एका नातेवाइकाने तुझ्यावर अत्याचार केला. आजवर घरी कोणाला सांगितलेलं नाहीस. आता दिवसभर उपाशी राहतेस. रात्री फ्रिजसमोर उभ्याउभ्या शिळ्या पोळ्या, फरसाण, हाताला लागेल ते खातेस आणि मग बाथरूममध्ये बादलीत नळ सोडून उलटी काढतेस. फ्लॅटमधल्या मैत्रिणींना आवाज जाऊ नये म्हणून नळ. समुपदेशक म्हणाल्या, ‘आधी उलट्या थांबव, मग जुन्याकडे बघू.’ तू विचारतेस, आधी काय?

दोन्ही बरोबरच गं. आणि ‘आधी थांबव, मग ये’ हा सल्ला मला अजिबात पटलेला नाही. तूच लिहिलंयस, ‘उलटी झाली की थोडा वेळ डोकं शांत होतं, तो डोळ्यांसमोरून जातो.’ इतकी वर्षं त्या आठवणीपासून तू स्वतःला अशी वाचवत आलीस. हा मार्ग घातक आहे, पण तो नुसता बंद कर म्हणायचं आणि आठवण आली की काय करायचं ते सांगायचं नाही, तर रात्री दोन वाजता तू करणार काय? डाएटचा तक्ता हाती देऊन हे सुटत नाही. खाण्याचे आजार असलेल्या अनेक स्त्रियांच्या मागे असा आघात असतो, आणि तो दुर्लक्षित राहिला तर बऱ्या होऊन पुन्हा आजारी पडण्याचा धोका राहतो. म्हणून दोन्हींवर एकत्र उपचार करण्याकडे आता अनेक तज्ज्ञांचा कल आहे.

‘मी काही हडकुळी नाही, मग मला कसला आजार?’ असंही तू विचारलंयस. याला बुलिमिया म्हणतात आणि यात वजन बहुतेकदा चारचौघींसारखंच असतं. म्हणूनच तो कोणाच्या लक्षात येत नाही. शिवाय गुरुवार, चतुर्थी, नवरात्र, सगळे उपास तू धरतेस आणि घरचे कौतुक करतात! रात्रीचं ते खाणं हा हावरटपणा नाही. 1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 36 धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांच्या डोक्यात दिवसरात्र अन्न घोळू लागलं, आणि पुन्हा पोटभर मिळू लागल्यावर काहींना खाणं आवरेना. उपाशी शरीर असंच वागतं. तेव्हा उपास सध्या बंद. आजाऱ्याला उपास नाही, हे आपल्या आज्याही मानायच्या. घरी सांग, औषधं चालू आहेत. दर तीन-चार तासांनी थोडं खायचं, भूक असो वा नसो. आदल्या रात्री उलटी झाली असली तरी सकाळचा नाश्ता चुकवायचा नाही.

पहिली भेट मात्र फिजिशियनची. रक्तातलं पोटॅशियम आणि ईसीजी तपासून घे, कारण सततच्या उलट्यांनी पोटॅशियम उतरतं आणि हृदयाची लय बिघडू शकते. चक्कर येऊन पडलीस, छातीत धडधडलं किंवा उलटीत रक्त दिसलं, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठ. उलटीनंतर लगेच ब्रश करू नकोस, नुसती चूळ भर. आम्लाने मऊ झालेलं दातांचं आवरण घासलं जातं. मानसोपचारतज्ज्ञांपासून उलट्या लपवू नकोस. फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरच्या औषधाचा या आजारातही उपयोग होतो. पण ब्युप्रोपिऑन या नैराश्यावरच्याच दुसऱ्या औषधाने अशा रुग्णांना फिट येण्याचा धोका वाढतो, म्हणून ते टाळतात. डॉक्टरांना माहीतच नसेल तर ते कसं टाळणार?

थेरपिस्ट निवडताना फोनवरच विचार: बुलिमियाच्या रुग्णांवर उपचार केलेत का? लैंगिक अत्याचार सोसलेल्यांबरोबर काम केलंय का? दोन्ही एकत्र कसं हाताळाल? गोलमाल उत्तर मिळालं तर दुसरीकडे जा. चांगली थेरपिस्ट पहिल्याच भेटीत सगळं वदवून घेणार नाही. आधी आठवण उसळली की स्वतःला सावरायचं कसं, ते शिकवेल. खाण्याची घडी थोडी बसू लागली आणि तुझी तयारी झाली, की मग त्या सुट्ट्यांबद्दल बोलणं, ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने आठवणीची धार कमी करणारी थेरपी) किंवा आघातावरची दुसरी एखादी थेरपी. तोवर उलट्या पूर्ण थांबलेल्याच हव्यात, अशी अट नाही. सुरुवात कुठून करावी कळत नसेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला 14416 वर फोन लाव. मोफत आहे, चोवीस तास चालू असतं, मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटला तरी हाच नंबर, तेही लगेच.

‘शरीर भरायला लागलं तेव्हाच ते झालं, म्हणून मला हे शरीरच नको,’ हे तुझं वाक्य मी पुन्हापुन्हा वाचलं. बाळा, तुझ्या शरीराने काहीही केलेलं नाही. केलं ते त्याने.

आता भावाचं लग्न. तो माणूस येणार, आणि नवऱ्यामुलाची बहीण म्हणून तुला सगळ्या वडीलधाऱ्यांच्या पाया पडायला लावतील, याच्या धास्तीने तुझ्या उलट्या वाढल्यात. त्याच्या पाया पडायचं नाही. कोणी आग्रह केला तर ‘नाही’ म्हणून तिथून निघून जा. कारण सांगायला तू बांधील नाहीस. ज्या मावसबहिणीवर तुझा विश्वास आहे, तिला एवढंच सांग, ‘तो जवळ आला की माझ्यापाशी येऊन उभी राहा.’ रात्री त्याच घरात मुक्काम नको, मैत्रिणीकडे किंवा लॉजवर राहा. आणि जाणंच झेपणार नाही असं वाटलं तर जाऊ नकोस. भावाला नंतर वेगळं भेटता येईल.

तुझी,
ताई