बटाटेवड्याचं आवरण सुटतंय?

अहो, भाजी छानच झाली असणार, गडबड पिठात आहे. बेसन चाळून घ्या आणि पाणी थोडं थोडं घालत गुठळ्या मोडा. बोट बुडवून काढलं की त्यावर पिठाचा थर राहिला पाहिजे, कातडी दिसता कामा नये. मग चमचाभर कडकडीत तेलाचं मोहन. सोडा अगदी चिमूटभरच हं, जास्त झाला की वडा तेल पितो. बटाटे मात्र पूर्ण गार झाल्यावरच कुस्करा. गरम भाजीला वाफेचं पाणी सुटतं आणि वडा कढईत फुटतो. एका वेळी चारच वडे तेलात सोडा, नाहीतर तेल गार पडतं. उरलेल्या पिठाचा चुरा तळून लसूण-खोबऱ्याच्या चटणीत घाला, पावात फार सुरेख लागतो.