संहिता सापडली, आता प्रयोग करता येईल का?

नाटक लिहिणाऱ्या, बसवणाऱ्या आणि विंगेत राबणाऱ्या मंडळींना इंटरनेटवर कामाचं काय मिळतं, याबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी सहा या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या हौशी संस्थेला 'संगीत मानापमान' दोन तासांत बसवायचं आहे. छापील प्रत मिळत नाही. संहिता इंटरनेटवर मिळेल का? परवानगी कुणाची घ्यायची?

आधी शोधायचं कसं ते. 'इंटरनेट आर्काइव्ह'वर डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाने स्कॅन केलेली हजारो जुनी पुस्तकं आहेत, त्यात मराठी नाटकंही आहेत. अडचण नावांची आहे. बहुतेक नोंदी रोमन लिपीत आहेत आणि नोंद करणाऱ्याच्या मनाला येईल तशा स्पेलिंगने. म्हणून 'नाटक'साठी एक 'ए' टाकून शोधा, मग दोन टाकून, मग नुसत्या लेखकाच्या आडनावाने. भाषेची गाळणी लावू नका, मराठी पुस्तक कधी कधी हिंदीत नोंदलेलं असतं. फाइल उतरवली की तालमीच्या प्रती काढण्याआधी पानांचे आकडे एकदा ओळीने तपासा. या स्कॅनमध्ये पानं गहाळ असणं किंवा तेच पान दोनदा येणं नेहमीचं आहे, आणि गहाळ पान नेमकं तिसऱ्या अंकात निघतं. टाइप केलेला, शोधता येणारा मजकूर हवा असेल तर मराठी विकिस्रोतही पाहा. पदांचे शब्द, संगीतकार, राग आणि ताल यांसाठी 'आठवणीतली गाणी' हे संकेतस्थळ सर्वांत सोयीचं.

आता परवानगी. भारतात नाटकावरचा हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षाच्या 1 जानेवारीपासून पुढे 60 वर्षं राहतो. कृ. प्र. खाडिलकर 1948 मध्ये गेले, म्हणजे त्यांची संहिता 1 जानेवारी 2009 पासून मुक्त आहे. संगीत नाटकात इथेच थांबून चालत नाही, चालींचा हक्क वेगळा मोजावा लागतो. 'मानापमान'च्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या, ते 1955 मध्ये गेले, म्हणून त्याही 2016 पासून मोकळ्या. तुमचं नाटक दोन्ही बाजूंनी सुटलं. हाच हिशेब आचार्य अत्र्यांना लावला (मृत्यू 1969), तर त्यांची नाटकं 31 डिसेंबर 2029 पर्यंत संरक्षित आहेत. फाइल फुकट उतरवता आली याचा हक्काशी काही संबंध नाही. तसंच जुन्या नाटकाच्या नव्या आवृत्तीतली प्रस्तावना, टिपा किंवा कुणी केलेली रंगावृत्ती यांवर त्या त्या माणसाचा स्वतंत्र हक्क असतो. संक्षेप मूळ संहितेवरून स्वतः करा.

हौशी मंडळाने तिकीट न लावता, फुकट आलेल्या प्रेक्षकांपुढे प्रयोग केला तर कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये सूट आहे. पण महाराष्ट्रात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं (म्हणजे नाटकांच्या सेन्सॉर मंडळाचं) प्रमाणपत्र ही वेगळी गोष्ट आहे. कॉपीराइट संपला म्हणून ते चुकत नाही, आणि ते मिळालं म्हणून लेखकाची परवानगी मिळाली असंही नाही. या दोन कागदांची गल्लत फार होते.

प्रश्न : माझं दोन अंकी नाटक एका निर्मात्याला वाचायला द्यायचं आहे. आधी नोंदणी करावी का? स्वतःलाच ईमेल केली तर चालते म्हणतात.

हक्क लिहिल्या क्षणी निर्माण होतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. नोंदणीचा उपयोग पुढे वाद झाला तर प्रथमदर्शनी पुरावा म्हणून. स्वतःला पाठवलेल्या ईमेलमुळे एखाद्या तारखेला मजकूर तुमच्याकडे होता एवढंच दिसतं. काहीच नसण्यापेक्षा बरं, पण नोंदणीची जागा ती घेत नाही.

भारत सरकारच्या कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावर खातं उघडा. फॉर्म 14 भरा आणि त्याला जोडलेली तपशिलाची दोन्ही पत्रकंही. नाट्यकृतीसाठी शुल्क 500 रुपये. संहितेची पीडीएफ जोडा. डायरी क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा. पुढचे 30 दिवस हरकतींसाठी असतात, नंतर तपासनीस पाहतो. अर्ज अडकतो तो बहुधा साध्या कारणाने : मुखपृष्ठावर 'अमुक-तमुक लिखित' असं टोपणनाव आणि फॉर्मवर आधार कार्डावरचं नाव, किंवा सहलेखक असूनही त्याचं ना हरकत पत्र नाही. नाटकात नव्या चालीची पदं असतील तर चालींची नोंदणी वेगळी, संगीत कृती म्हणून. स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे सभासद असाल तर तिथेही ऑनलाइन नोंदणी होते, तीही वेळेचा पुरावा म्हणून उपयोगी.

एक अपेक्षा मात्र ठेवू नका. कल्पनेवर हक्क मिळत नाही. 'हम हिंदुस्तानी' या नाटकाचे लेखक आर. जी. आनंद यांनी 'न्यू दिल्ली' (1956) या चित्रपटाविरुद्ध हाच दावा लावला होता. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला : विषय सारखा असला तरी मांडणी वेगळी आहे. एकांकिका स्पर्धांच्या मोसमात 'माझी कल्पना चोरली' अशी जी पत्रं येतात, त्यातल्या बहुतेकांचं उत्तर या निकालात आहे.

निर्मात्याने कागद पुढे केला तर तीन गोष्टी शोधा : कोणते हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशात. काळ लिहिला नसेल तर कायदा 5 वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर संपूर्ण भारत. आणि घेतलेला हक्क वर्षभर वापरलाच नाही, तर करारात वेगळं म्हटलं नसल्यास तो हक्क परत तुमच्याकडे येतो. निर्माते हे आपणहून सांगत नाहीत. 'सर्व हक्क कायमस्वरूपी' अशी ओळ दिसली की तिथे प्रयोगांचे हक्क, मराठी भाषा आणि वर्षांचा आकडा लिहून घ्या. चित्रपट, वेब मालिका आणि अनुवाद यांचे हक्क तुमच्याकडेच राहू द्या.

प्रश्न : पावसाचा, रेल्वेचा आवाज इंटरनेटवरून घेतो. प्रयोगात मात्र कधी खरखर येते, कधी मधेच आवाज तुटतो. काय चुकतं?

दोन ठिकाणी चुकत असणार, फाइलमध्ये आणि वायरमध्ये. पण आधी परवाना. 'फ्रीसाउंड'वर खातं उघडलं की आवाज उतरवता येतात, मात्र प्रत्येक आवाजाचा परवाना वेगळा असतो. तिकीट लावणार असाल तर शोधतानाच 'सीसी झीरो' (हक्क सोडून दिलेले) किंवा फक्त श्रेय मागणारे आवाज निवडा. 'नॉन कमर्शियल' लिहिलेला आवाज सोडून द्या. बीबीसीच्या संग्रहात 33 हजारांच्या आसपास आवाज आहेत, पण फुकट वापर वैयक्तिक, शैक्षणिक आणि संशोधनाच्या कामापुरता. पक्ष्यांसाठी 'झेनो कँटो' पाहा, तिथे भारतात टिपलेले आवाज मिळतात. कोकणातल्या पहाटेला युरोपातला ब्लॅकबर्ड गात असलेला आम्ही एकाहून अधिक प्रयोगांत ऐकला आहे. तिथल्या पुष्कळ ध्वनिमुद्रणांवर मात्र व्यावसायिक वापराला किंवा काटछाटीला मनाई असते, नोंद वाचून घ्या.

आता तुटण्याबद्दल. एमपीथ्री फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी बारीकशी शांतता जोडली जाते. पाऊस लूपवर टाकला की प्रत्येक फेरीला ठेच लागते. वेव्ह फाइल घ्या, ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये दोन टोकं एकमेकांवर चढवून सांधा विरघळवा आणि लूप किमान दोन मिनिटांचा ठेवा. त्याहून छोट्या लूपमधली एखादी टपटप प्रेक्षकाच्या कानात बसते.

खरखर आणि घूं आवाजासाठी आधी लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. आवाज थांबला तर दोष अर्थिंगच्या फेऱ्याचा आहे. लॅपटॉप आणि मिक्सर यांच्यामध्ये डीआय बॉक्स (सिग्नल मिक्सरजोगा करून देणारी छोटी पेटी) लावून त्यावरचं ग्राउंड लिफ्ट, म्हणजे सिग्नलच्या वायरमधली अर्थची जोडणी तोडणारं बटण, दाबा. चार्जरची किंवा मिक्सरची अर्थ पिन काढून टाकणं हा उपाय नव्हे, त्याने माणूस मरू शकतो. गाण्यातला गायकच गायब झाला आणि वाद्यं तेवढी उरली, तर वायर चुकीची आहे : हेडफोनच्या स्टीरिओ जॅकमधून थेट बॅलन्स्ड मोनो इनपुटमध्ये गेलं की डाव्या-उजव्या बाजूंना समान असलेला आवाज एकमेकाला खाऊन टाकतो. 3.5 मिलिमीटरच्या एका पिनेतून दोन वेगळे मोनो जॅक निघणारी वायर घ्या आणि मिक्सरचे दोन चॅनेल वापरा.

वाजवण्यासाठी मॅकवर 'क्यूलॅब' उत्तम, दोन चॅनेलचा आवाज फुकट आवृत्तीत होतो. विंडोजवर 'मल्टीप्ले' घ्या. यूट्यूबच्या टॅबवरून प्रयोग करू नका.

प्रश्न : इब्सेन आणि ब्रेश्त यांची नाटकं मराठीत आणायची आहेत. इंटरनेटवरच्या इंग्रजी प्रती वापरता येतील?

इब्सेन 1906 मध्ये गेले, त्यांचं मूळ मुक्त आहे. तुम्ही मात्र नॉर्वेजियनमधून नव्हे, इंग्रजीतून येणार, म्हणून इंग्रजी अनुवादकाची तारीख मोजा. 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग'वर विल्यम आर्चर यांचे अनुवाद आहेत. ते 1924 मध्ये गेले, चिंता नाही. भाषा जुनाट आहे, एवढंच. ब्रेश्त 1956 मध्ये गेले, भारतातल्या हिशेबाने मूळ जर्मन 2017 पासून मोकळं आहे. त्यांचे प्रचलित इंग्रजी अनुवाद मात्र नंतरच्या लोकांचे, त्यावरून मराठी केलं तर त्या अनुवादकाची परवानगी लागते. शिवाय जर्मनीत मुदत 70 वर्षांची, त्यामुळे प्रयोग परदेशात न्यायचा असेल तर तिथली तारीख वेगळी पाहावी लागते. हयात लेखकांसाठी पुस्तकाच्या हक्कांच्या पानावर प्रयोगाची विचारणा कुणाकडे करायची ते छापलेलं असतं, बहुतेक वेळा एजंट. त्यांना पाठवायच्या पत्रात भाषा, शहर, प्रेक्षागृहाची आसनसंख्या, प्रयोगांची संख्या आणि तिकिटाचा दर लिहा. नाहीतर पहिलं उत्तर याच प्रश्नांचं येतं.

प्रश्न : पेशवाईतलं नाटक लिहितेय. तेव्हा एखादा शब्द होता की नाही, कसं तपासायचं?

शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई शब्दकोशांच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची 1857 ची आवृत्ती आणि दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' दोन्ही शोधता येतात. मोल्सवर्थमध्ये शब्द नसेल तर संशय धरा, असेल तर अर्थ तोच होता का ते वाचा. दाते-कर्व्यांत बखरींतले दाखले असतात, संवादाला वळण तिथून मिळतं.

प्रश्न : जुनी संहिता डीटीपीवाल्याकडून आली, उघडली की नुसती इंग्रजी चिन्हं दिसतात.

ती युनिकोडच्या आधीच्या फाँटात आहे, बहुधा श्रीलिपी किंवा तत्सम. डीटीपीवाल्याला फाँटचं नेमकं नाव विचारा, कारण रूपांतर करणारं साधन त्या त्या फाँटाप्रमाणे निवडावं लागतं. रूपांतर झालं की रफार, 'ऱ्य', 'क्ष' आणि पहिली वेलांटी असलेले शब्द शोधून तपासा, मोडतात ते हेच. 'दऱ्या'चं 'दर्या' झालं की नट समुद्र म्हणून वाचतो. नवं टंकन युनिकोडमध्ये, 'मुक्ता' किंवा 'टिरो देवनागरी मराठी' फाँटात करा. दोन्ही फुकट आहेत. फाइलची भाषा मराठी ठेवली तर ल आणि श मराठी वळणाचे उमटतात. नटांना मात्र फक्त पीडीएफ पाठवा, नावात तारीख घालून, नाहीतर तालमीत तीन जणांच्या हातात तीन संहिता असतात.