कंपनीत हजारेक मोबाईल कनेक्शन आहेत, बिल दर महिन्याला वाढतंय. आटोक्यात कसं आणायचं?

सुरुवात प्लॅन बदलण्यापासून करू नका, यादीपासून करा. ऑपरेटरकडून पीडीएफ नको, सर्व नंबरांचं बिल एक्सेलमध्ये मागवा आणि एचआरच्या चालू कर्मचारी यादीशी नंबरनिहाय जुळवा. नोकरी सोडून गेलेल्यांची सिम सर्रास चालू सापडतात, कारण राजीनाम्याच्या वेळी लॅपटॉप परत घेतला जातो, सिमचं कुणाच्या लक्षात राहत नाही. क्लिअरन्स फॉर्ममध्ये सिमची ओळ घालाच.

मग सलग ३ महिने कॉल, एसएमएस, डेटा सगळं शून्य असलेले नंबर वेगळे काढा. पण लगेच बंद करू नका! त्यातलं एखादं सिम लिफ्टच्या आपत्कालीन फोनमध्ये किंवा अलार्मच्या पॅनेलमध्ये बसवलेलं असतं, एखाद्यावर बँकेचा ओटीपी वर्षातून एकदा येतो. आधी बँक, टॅक्स पोर्टल, ईमेल खाती इथले नोंदणीकृत नंबर बदलून घ्या, कारण बंद झालेला नंबर काही काळाने दुसऱ्याला दिला जातो. आधी ३० दिवस तात्पुरतं निलंबन, कुणी ओरडलं नाही तर कायमचं बंद.

एकदम मोठा फटका बसतो तो परदेशातल्या रोमिंगचा. ते सगळ्यांना मुळातच बंद ठेवा, प्रवासाची मंजुरी मिळाली की पॅक टाकूनच चालू करा. पॅकची तारीख विमानात बसण्याच्या दिवसापासून धरा. फोनचं बॅकअप आणि अॅप अपडेट फक्त वायफायवर.

डेटा पूल (सगळ्या नंबरांनी मिळून वापरायचा एकत्रित डेटा) घेतलात तर ८० टक्क्यांवर सूचना लावा, नाहीतर दोन-चार जणांचे व्हिडिओ पूर्ण पूल संपवतात.