इंदूरला यांत्रिक अभियांत्रिकीच्या प्रथम वर्षासाठी गेमिंग लॅपटॉप, मॅकबुक की साधा विंडोज लॅपटॉप घ्यावा?

आपण १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी असलेला, दीड किलोच्या आसपास वजनाचा विंडोज लॅपटॉप घ्यावा. मॅकबुक यंत्र म्हणून उत्तम आहे, परंतु या शाखेत वारंवार लागणाऱ्या सॉलिडवर्क्स या डिझाइन सॉफ्टवेअरची मॅकओएससाठी आवृत्तीच नाही. मी इंदूरमध्येच विद्यार्थ्यांना कॅड, म्हणजे संगणकावर यंत्रभागांचे डिझाइन करणे, शिकवतो; ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर चाळीस-पन्नास भागांची असेंब्ली (सुटे भाग जोडून केलेले मॉडेल) उघडून शेजारी ब्राउझर सुरू ठेवला, की कर्सर जागच्या जागी थिजतो आणि मुले हात बांधून बसून राहतात, हे मी नेहमी पाहतो. गेमिंग लॅपटॉप हे काम सहज पेलतो, पण सुमारे अडीच किलोचे ते ओझे जड चार्जरसह रोज सिटी बसमधून नेणे आणि बॅटरी संपली की दुपारी वर्गात प्लग शोधत फिरणे मला योग्य वाटत नाही. सिम्युलेशन (डिझाइनची संगणकावर चाचणी) किंवा रेंडरिंग (मॉडेलचे खरे वाटणारे चित्र बनवणे) करायचे आधीच निश्चित असेल, तर मात्र स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असलेलाच घ्यावा. दुकानात पैसे देण्यापूर्वी रॅम मदरबोर्डवर (लॅपटॉपच्या मुख्य सर्किट बोर्डवर) सोल्डर केलेली, म्हणजे कायमची जोडलेली, आहे का, हे अवश्य विचारा. तशी असल्यास ती पुढे बहुधा वाढवता येत नाही.