२०० लिटरच्या ड्रममध्ये शेवाळ: डिझेल किती, कार्बन किती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की गच्चीवर २०० लिटरचा ड्रम ठेवला, त्यात क्लोरेला (एकपेशीय हिरवं शेवाळ) सोडलं, एअर पंप लावला, तर गाडीपुरतं बायोडिझेल निघेल का आणि वर घरातला कार्बनही शोषला जाईल का. क्लोरेला वाढेल, त्यात शंका नाही, नको तिथे शेवाळ आपसूक येतंच की. पण डिझेलचं आणि कार्बनचं गणित पंप धरून मांडलं की उलटं पडतं, ते आधी बघू, मग वाढवायचंच असेल तर कसं तेही सांगते.

पहिलं म्हणजे ड्रम नको. लोक लिटरमध्ये हिशेब करतात, पण शेवाळ ऊन खातं आणि ऊन चौरस मीटरवर पडतं. पाणी जरा दाट हिरवं झालं की उजेड वरच्या काही सेंटीमीटरातच संपतो, खालच्या पेशी अंधारात बसून श्वास घेतात आणि उलट सीओटूच (कार्बन डायऑक्साइड) सोडतात. उघडे व्यावसायिक तलाव साधारण २० ते ३० सेंमीच खोल ठेवतात ते उगाच नाही. तेच २०० लिटर पाणी १ चौरस मीटरच्या उथळ टबात ओतलं तर २० सेंमी उंची होते, म्हणजे तुमचं पाणी बरोबर पुरतं, फक्त भांडं बदला.

आता या १ चौरस मीटरचा हिशेब. अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानं १९७८ ते १९९६ या काळात यावर मोठा कार्यक्रम चालवला, ३००० च्या वर जाती गोळा केल्या, न्यू मेक्सिकोत रॉसवेलला १००० चौरस मीटरचे तलाव केले. एखाद्या दिवशी चौरस मीटरला ५० ग्रॅमपर्यंत उत्पादन मिळालं, पण तिथल्या थंडीमुळे सरासरी १० ग्रॅमच्या आसपासच राहिली. आपण घरी १० धरू, तेही उदार मनानं. वर्षाला ३.६५ किलो सुकं शेवाळ, त्यात २० टक्के तेल धरलं तर पाऊण किलोच्या आत-बाहेर, म्हणजे सगळं विनातोटा निघालं तर वर्षाला पाऊण-एक लिटर बायोडिझेल. गाडी विसरा.

कार्बनचं बघा. १ किलो सुकं शेवाळ तयार व्हायला साधारण १.८ किलो सीओटू लागतो, म्हणजे वर्षाला साडेसहा किलो. अडीच लिटर डिझेल जाळलं की तेवढा सीओटू निघतो. माणूस नुसता श्वास सोडून दिवसाला जवळपास १ किलो सीओटू बाहेर टाकतो, तो एकट्याचा पकडायचा तर असे ५५ टब लागतील.

आणि आता पंप! अगदी ५ वॉटचा छोटा पंप चोवीस तास चालला तर दिवसाला १२० वॉट-तास, वर्षाला ४४ युनिट. रोजच्या १० ग्रॅम शेवाळात सगळी मिळून ऊर्जा ५५ वॉट-तासांच्या आसपास, आणि त्यातल्या २ ग्रॅम तेलात फक्त २०. म्हणजे पंपच तेलाच्या सहापट खातो. वीज कोळशावरची असेल तर युनिटमागे पाऊण ते एक किलो सीओटू धरा, म्हणजे साडेसहा किलो पकडायला तेहतीस ते चव्वेचाळीस किलो सोडला. एलईडी लावून घरात वाढवायचा विचार असेल तर त्याचं गणित मांडायचीही गरज नाही.

शिवाय दोन्ही हेतू एकमेकांच्या मुळावर येतात, हे कोणी फारसं बोलत नाही. तेल जाळलं की पकडलेला कार्बन परत हवेत, शेवाळ कुजलं तरी परत, कोणी खाल्लं तरी परत. इंधन केलं तर तो फार तर जुन्या डिझेलला पर्याय, साठवण नव्हे. साठवायचाच असेल तर सुकवून बायोचार (हवेशिवाय भाजून केलेला कोळसा) वगैरे करून मातीत घालावा लागेल, मग डिझेल नाही. एक काहीतरी निवडा.

यीस्ट आणि साखरेच्या बाटलीतून सीओटू द्यायचे व्हिडिओ फिरतात, वाढ खरंच जोरात होते त्यानं, पण साखरेत उसानं किंवा बीटानं आधीच पकडलेला कार्बन मोकळा करून तो शेवाळाला पुन्हा पकडायला लावायचा, याला कार्बन कॅप्चर म्हणत असतील तर धन्य आहे.

तेल काढणं हा तर वेगळाच ताप. उघड्या तलावात लिटरमागे जेमतेम अर्धा ग्रॅम सुकं शेवाळ असतं, म्हणजे १ किलोसाठी २००० लिटर पाणी उपसायचं, आणि पेशी २ ते १० मायक्रॉनच्या, कापडातून सरळ निघून जातात. मग सुकवणं, मग क्लोरेलाची चिवट पेशीभिंत फोडणं, शेंगदाण्यासारखं घाण्यात घालून काही निघत नाही. तेल विरघळवून काढायला हेक्सेन नावाचा द्रावक लागतो, तो पेट घ्यायला टपलेलाच असतो, आणि बायोडिझेल करायला मिथेनॉल, जे पोटात गेलं तर डोळे जातात. हे घरात करू नका, स्पष्टच सांगते. तेल वाढावं म्हणून नायट्रोजन तोडायची युक्ती खरी आहे, पेशी उपाशी राहिल्या की चरबी साठवतात, पण वाढ थांबते, त्यामुळे टक्के वाढतात आणि एकूण तेल बहुतेकदा वाढत नाही. मोठ्यांनाही हे झेपलं नाही, एक्सॉनमोबिल या तेल कंपनीनं २००९ मध्ये ६० कोटी डॉलरपर्यंत खर्चाची घोषणा केली होती, २०२३ मध्ये अंग काढून घेतलं.

तरीही वाढवा, शिकायला याच्याइतकं मजेशीर काही नाही. शुद्ध कल्चर घ्या, डबक्यातलं नको. बीजी-११ मीडियम (शेवाळ वाढवायचं ठरावीक पोषक द्रावण) मिळालं तर उत्तम, नाहीतर पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ खत लिटरला अर्धा ग्रॅम, सोबत चिमूटभर एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) आणि चिलेटेड आयर्न (पाण्यात विरघळून राहणारं लोह). एकदम टबात ओतू नका, आधी बाटली, मग ५ लिटर, मग २०, दर वेळी चार ते दहा पट. पातळ कल्चरला कडक ऊन लावलं तर पांढुरकं पडतं, सुरुवातीला सावली द्या. पंपाऐवजी दिवसातून चार-पाच वेळा हातानं ढवळा, वाढ थोडी कमी मिळेल पण वीज शून्य. दुपारी पीएच ९-१० च्या वर चढला तर समजा सीओटू कमी पडतोय, हवेत तो ०.०४ टक्केच असतो.

दाटी बघायला काठीला पांढरं झाकण अडकवून बुडवा, चार-पाच सेंमीवर दिसेनासं झालं की काढणीला आलं. थोडं पाणी काचेच्या बरणीत घ्या, पाण्यात कालवलेला चुना थोडा थोडा घालत पीएच ११ च्या वर न्या आणि हलवून ठेवून द्या. आधी नुसतं गढूळ दिसतं, मग बारीक हिरवे कण धरतात, गोळे होतात आणि अर्ध्या-एक तासात तळाला हिरवा गाळ आणि वर नितळ पाणी. पाण्यात मॅग्नेशियम असेल तरच हे नीट होतं, म्हणून एप्सम सॉल्ट विसरू नका.

एखाद दिवशी सकाळी हिरवा टब अचानक मातकट आणि वास मारणारा दिसला तर बहुधा रोटिफर (पाण्यातले सूक्ष्म प्राणी) शिरलेत, ते एकेक पेशी गिळत टब साफ करतात. त्यावर औषध शोधत बसू नका, टाकून द्या, घासून धुवा आणि बाजूला ठेवलेल्या बाटलीतून परत सुरू करा, म्हणून एक बाटली नेहमी वेगळी ठेवायची. निघालेला गाळ कंपोस्टमध्ये वाळल्या पानांत किंवा कागदात मिसळून घाला, नायट्रोजन भरपूर असतो त्यामुळे एकटा घातला तर अमोनियाचा वास सुटतो. आणि खाऊन बघायचा मोह झाला तर नको, उघड्या टबात विषारी निळं-हिरवं शेवाळ मिसळलेलं असेल तर नुसत्या डोळ्यांना कळत नाही.